गाडी हल्ली

सोहारच्या भंगार-यार्डातला वजनकाटा
शनिवारी दुपारी मुका झाला.
मालक सालिम फोनवर म्हणाले, मशीन मेलं,
नवं आण, कितीही महागाचं,
पण प्रोग्रॅम तोच हवा.
पावतीही तीच. हिरवी, दोन्ही कडांना भोकं असलेली.

मस्कतहून अडीच तास.
डब्याच्या पिशवीत चपात्या, फ्लॉपी ड्राइव्ह
आणि एक वायर, जिचं तोंड आता कुठल्याच मशीनला बसत नाही.
ऑगस्ट. पत्र्याची केबिन.
जुन्या डब्याचं झाकण काढलं तर आत
पंख्याच्या पात्यांवर गंज आणि वाळूची साय.
डिस्क कण्हत होती.
कण्हता कण्हता तिनं सगळं दिलं मला,
चारशे केबी.
एवढ्यात हल्ली एक फोटोसुद्धा मावत नाही.

नव्या मशीनवर चालवला.
काळा पडदा, पांढरी ओळ: शून्याने भागाकार. बंद.
पुन्हा. बंद.
तिसऱ्यांदा चहा आला तेव्हा कळलं.
हा उठल्या उठल्या यंत्राची नाडी बघतो,
एका ठोक्यात किती गिरक्या, ते मोजतो,
आणि हे नवं इतकं धावतं
की आकडा त्याच्या ओंजळीतून सांडतो.
चूक कोणाचीच नव्हती.

मग नव्याच्या पोटात एक जुनं मशीन रचलं,
खोटंच,
आणि त्याचा वेग उतरवत आणला.
वीस हजार. दहा. पाच.
तीन हजारावर तो उठून बसला,
जणू मध्ये काही झालंच नव्हतं.
खालच्या कोपऱ्यात सही:
बी. डी. होडेकर, सोहार, १९९१.

कोण हे?
काट्यावरचा गुल जमीन म्हणाला, बशीरभाई.
रत्नागिरीकडचे. दिवसा हिशेब लिहायचे,
रात्री इथंच बसून हे लिहिलं, सात महिने.
सुट्टीवर गेले ते गेलेच.
स्टुलाखाली त्यांचा स्क्रूड्रायव्हर आहे अजून,
त्यानं मी टपऱ्या डब्यांची झाकणं उघडतो.

पहिला ट्रक चढला.
ड्रायव्हर बलुची, घाईत, ब्रेकवरचा पाय उचलला असणार.
आकडे थरथरले आणि पडद्यावर रोमन अक्षरांत आलं
ते मी दोनदा वाचलं:
गाडी हल्ली. पुन्हा घ्या.

हसूच फुटलं.
हलली, होडेकर, हलली.
एक अक्षर गिळलंत तुम्ही, रात्रीचे दोन वाजले असतील.

गुल जमीन मात्र गंभीर. खिडकीतून ओरडला,
ओ खाना खराब, हल्ली हो गया! पीछे लो!
आणि बलुचीनं मुकाट्यानं मागे घेतला.
मी विचारलं, हल्ली म्हणजे काय?
तो माझ्याकडे बघत राहिला,
मीठ म्हणजे काय विचारल्यासारखा.
हल्ली म्हणजे हल्ली, बाजी.
वजन बसत नाही, माल डुगडुगतो, माणसाचा भरवसा नाही,
सब हल्ली.
सालिमसाहेब बायकोशी फोनवर भांडताना म्हणतात,
त्यांचा मुलगा म्हणतो, त्याला तर इथं यायलाही आवडत नाही.
चौतीस वर्षं, तीन भाषा,
आणि यार्डात माझ्या भाषेचा हा एकच शब्द,
तोही चुकीच्या स्पेलिंगचा.

दुरुस्त करता आलं असतं.
फाइल उघडून नुसती अक्षरं बदलायची.
पण तिथं पाचच घरं आहेत, सहावं अक्षर घातलं
तर पुढचं सगळं सरकतं,
पुन्हा घ्या म्हणायलाच जागा उरत नाही.
हे कारण खरं आहे.
मी त्याच्या आड थोडी लपले, हेही.

संध्याकाळी प्रिंटर किंचाळला,
हिरवी पट्टी दातेरी चाकांवरून सरकली.
सालिमसाहेबांनी पावती उजेडात धरली,
आकडे नाही, आधी भोकं तपासली, मग मान डोलावली.

निघताना शेवटचा ट्रक काट्यावर,
जुने एसी, मोडके, रस्सीनं बांधलेले.
पडद्यावर परत तेच.
गाडी हल्ली.
या वेळी मी लिहिलंय तसंच वाचलं,
एखादं वाक्य सुरू व्हावं तसं,
गाडी हल्ली...
आणि पुढचं सांगायला कोणी नव्हतं.

पीछे लो, गुल जमीन म्हणाला.
बारा हजार चारशे किलो.